वेशीवरच्या वीरगळांना पाटी : १५ महिन्यांची नोंद

जुन्नर तालुक्यातल्या एका गावाच्या वेशीवर, डांबरी रस्त्याला खेटून चार वीरगळ, म्हणजे लढताना मेलेल्या वीरांचे स्मृतिदगड, आणि सती गेलेल्या स्त्रीची एक सतीशिळा आहे. तीन दगड उभे होते, दोन बाजूच्या चरात कलंडले होते. त्यांच्याजवळ माहिती देणारी एक पाटी लावायची, एवढंच काम होतं. नोव्हेंबर २०२३मध्ये आम्ही सहाजणांनी ते हाती घेतलं आणि फेब्रुवारी २०२५मध्ये पुरं झालं. खर्च आला १९,१५० रुपये. पैसे वर्गणीतून सहज जमले. वेळ गेला तो कागदांत आणि पाटीवरच्या ८० शब्दांत. असे दगड गावोगाव आहेत आणि पाटी लावावी असं वाटणारी माणसंही आहेत. पण पहिला अर्ज कुणाकडे करायचा इथेच गाडी अडते. म्हणून जे जसं घडलं ते त्याच क्रमाने लिहीत आहे.

घाई करण्याचं कारण रस्ता हे होतं. साडेपाच मीटरचा रस्ता सात मीटरचा होणार आणि साइडपट्टीही वाढणार, अशी कुणकुण लागली होती. रुंदीकरणात असे दगड मुद्दाम कुणी फोडत नाही. जेसीबीवाल्याला तो दगड फक्त दगडच दिसतो, आणि तो भरावात जातो. नंतर कुणी विचारलं तर 'इथे काही होतं' याचा पुरावा उरत नाही. त्यामुळे पाटीच्या आधी पुरावा करायचा, हे पहिल्या आठवड्यातच ठरलं.

नोंदीचं काम थंडीत करावं. पावसाळा संपून गवत वाळलेलं असतं, दगड कोरडे असतात आणि सकाळचं ऊन तिरपं येतं. सामान थोडंच लागतं : पोलादी टेप, दर १० सेंटिमीटरला काळा-पांढरा रंग दिलेली ५० सेंटिमीटरची पट्टी, साध्या पाण्याची बादली, नायलॉनचा मऊ ब्रश, बांबूच्या कामट्या, टॉर्च आणि वही. प्रत्येक दगडाला क्रमांक द्यायचा. जमिनीवरची उंची, रुंदी आणि जाडी मोजायची, तोंड कोणत्या दिशेला आहे ते लिहायचं. रस्त्याच्या कडेपासूनचं अंतर विसरू नका, पुढे सगळ्यात जास्त तेच विचारलं जातं. मोबाइलवरून अक्षांश-रेखांश घेताना दशांश चिन्हानंतर किमान पाच आकडे असू द्या. चारच घेतले तर दहाएक मीटरचा फरक पडतो, आणि रस्त्याच्या हद्दीच्या वादात दहा मीटर म्हणजे फार झालं.

साफ करताना तारेचा ब्रश, ॲसिड, साबण यातलं काहीही वापरू नये. दगडफूल कामटीने अलगद सुटतं. जे सुटत नाही ते राहू द्यावं. कोरीव काम नीट दिसावं म्हणून खडू, कोळसा किंवा पीठ फासायची पद्धत फार आहे, तीही टाळावी. खडू फासताना डोळ्यांना जे वाटतं तेच हात रंगवत जातो, आणि फोटोत ते कायमचं होऊन बसतं. त्यापेक्षा अंधार पडल्यावर टॉर्च दगडाच्या कडेला जवळजवळ टेकवून तिरपा उजेड पाडावा. दिवसा सपाट वाटणाऱ्या तिसऱ्या दगडाच्या तळपट्टीत अशा उजेडात ओळीने पाच गाई दिसल्या. त्या गाईंमुळे पाटीवरचं एक वाक्य बदललं.

ज्यांना वीरगळ वाचायची सवय नाही त्यांच्यासाठी थोडं विस्ताराने. 'कल्लु' म्हणजे कन्नडमध्ये दगड. वीरकल्लुचा आपल्याकडे वीरगळ झाला. तो खालून वर वाचायचा. सगळ्यात खालच्या चौकटीत पडलेला वीर असतो. शेजारी गाई असतील तर गोधन पळवणाऱ्यांशी लढताना तो गेला असं समजतात. त्याच्या वर लढाई : ढाल-तलवार, कधी घोडा, क्वचित हत्ती. त्याच्या वर अप्सरा वीराला हाताला धरून स्वर्गात नेताना दिसतात. सगळ्यात वर तो शिवलिंगापुढे बसलेला असतो, बहुधा सोबत पुजारी असतो. माथ्यावर कलश, आणि दोन्ही बाजूंना सूर्य-चंद्र. म्हणजे ते आहेत तोवर ही आठवण राहो. प्रसंग मात्र जागेप्रमाणे बदलतात. बोरिवलीजवळच्या एकसरच्या वीरगळांवर चक्क जहाजांची लढाई कोरलेली आहे. सतीशिळेची खूण म्हणजे कोपरात काटकोनात वळलेला, चुडा भरलेला उभा हात.

महाराष्ट्रातल्या बहुतेक वीरगळांवर अक्षर नसतं, आणि खरी अडचण तिथेच आहे. नाव नाही, गाव नाही, शक नाही. दगड इतकंच सांगतो की इथे कुणीतरी लढून मेलं आणि मागे राहिलेल्यांना ते विसरायचं नव्हतं.

तुमच्याकडच्या दगडावर लेख असेल, विशेषतः गधेगाळ असेल, तर काम वेगळं होतं. गधेगाळावर वर सूर्य-चंद्र, मध्ये दानाचा लेख आणि खाली गाढव व स्त्री यांचं शापचित्र असतं. दान मोडणाऱ्याला दिलेली ती शिवी आहे. अलिबागजवळच्या आक्षीचा प्रसिद्ध लेख असाच गधेगाळ आहे, आणि तोही कित्येक वर्षं रस्त्याच्या कडेलाच पडून होता. त्यावरचा शक ९३४ असा वाचला गेला, म्हणजे ७८ मिळवून इ.स. १०१२. काही अभ्यासकांनी या वाचनावर शंका घेतली आहे. शकासोबत संवत्सराचं, म्हणजे साठ वर्षांच्या चक्रातल्या त्या वर्षाचं, नाव असेल तर घरबसल्या एक पडताळणी करता येते : शकात १२ मिळवायचे, ६०ने भागायचं आणि बाकी पाहायची. ९३४ आणि १२ मिळून ९४६, बाकी ४६. साठ संवत्सरांतला ४६वा परिधावी, आणि आक्षीच्या लेखात संवत्सर 'प्रधावी' असा आहे. हे जुळलं म्हणून वाचन सिद्ध होत नाही. जुळलं नाही तर मात्र कुठेतरी चूक आहे हे नक्की कळतं. लेखाचा ठसा घेणं जाणकाराचं काम आहे. ओला हातकागद दगडावर ब्रशने ठोकून बसवतात, तो सुकत आला की वरून शाईचा बोळा फिरवतात. अंदाज चुकला तर शाई थेट दगडात उतरते. स्वतः करून पाहू नका, तिरप्या उजेडातले फोटो जाणकाराला पाठवा.

डिसेंबरअखेर ११ पानांची नोंद तयार झाली : प्रत्येक दगडाचं एक पान, दोन फोटो, मापं, जागेचा हाताने काढलेला नकाशा आणि गावातल्या सांगोवांगीच्या गोष्टींचं वेगळं पान. पाच प्रती काढल्या. पुढे प्रत्येक टेबलावर तीच संचिका पुढे केली आणि तिचा खूप उपयोग झाला. तोंडी सांगितलेल्या 'जुन्या दगडां'ना कुणी वेळ देत नाही. मापं आणि फोटो असलेला कागद समोर ठेवला की निदान बसायला सांगतात.

कायद्याची बाजू पाटीआधीच समजून घ्यावी. पहिला प्रश्न : दगड किंवा जवळपासची वास्तू संरक्षित आहे का? केंद्र संरक्षित स्मारक असेल तर त्याच्या हद्दीपासून १०० मीटर प्रतिबंधित आणि त्यापुढचे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र असतं. तिथे पायाचा खड्डा खणायलाही परवानगी लागते. राज्य संरक्षित स्मारकांसाठी १९६०चा वेगळा कायदा आहे. आमचे दगड कोणत्याच यादीत नव्हते, बहुतेक वीरगळ नसतातच. तरीही ते कुणाच्या मालकीचे समजून हलवता येत नाहीत. १०० वर्षांहून जुनं शिल्प १९७२च्या कायद्याने पुरावस्तू ठरतं. खणताना जमिनीतून नवीन काही निघालं, तर १८७८च्या निखात निधी (जमिनीत पुरलेला ठेवा) कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. पुरातत्त्व खात्याच्या विभागीय सहायक संचालकांना जानेवारी २०२४च्या पहिल्या आठवड्यात संचिकेसह पत्र दिलं. त्यात तीनच गोष्टी विचारल्या : दगड संरक्षित आहेत का, कलंडलेले दोन दगड त्याच जागी सरळ करायला हरकत आहे का, आणि पाटीचा मजकूर तपासून मिळेल का. एका पत्रात तीनपेक्षा जास्त गोष्टी घातल्या की उत्तर लांबतं.

त्याच सुमारास रस्त्याच्या आराखड्यासाठी माहिती अधिकारात अर्ज केला. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, १५० शब्दांच्या आत. 'सदर रस्त्याच्या कि.मी. अमुक ते तमुकमधील हद्दीची रुंदी व प्रस्तावित रुंदीकरणाच्या नकाशाची प्रत' इतकंच मागितलं. मुदत ३० दिवसांची असते, उत्तर २७व्या दिवशी आलं. पानामागे २ रुपये भरून नकाशा मिळाला. त्यावरून कळलं की पाचही दगड रस्त्याच्या हद्दीत येतात आणि त्यातले दोन नव्या साइडपट्टीच्या आखणीत. शेजारच्या गटाचा डिजिटल सातबारा १५ रुपयांत निघाला, तोही जोडला. हद्दीचा वाद नाही हे दाखवायला तो लागतोच.

इथे एक चूक आमची झाली. परवानगीचा पहिला अर्ज आम्ही जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडे दिला. ग्रामीण मार्ग आणि इतर जिल्हा मार्ग त्यांच्याकडे असतात. वेशीवरचा रस्ता निघाला प्रमुख जिल्हा मार्ग, आणि तो सार्वजनिक बांधकाम विभागाचा. तीन आठवडे वाया गेले. रस्ता कोणत्या वर्गातला हे किलोमीटरच्या दगडावर किंवा नकाशावर आधी पाहून घ्या. जागा सांगताना 'मारुतीच्या देवळापुढे' असं लिहू नका. साखळी क्रमांक लिहा, म्हणजे किलोमीटर आणि पुढचे मीटर, आणि डावी बाजू की उजवी. अभियंत्याच्या वहीत रस्ता साखळीनेच ओळखला जातो.

बांधकाम विभागाने ग्रामपंचायतीचा ठराव मागितला, आणि तो रास्त होता. पाटी लावणारे उद्या गाव सोडून जातील, ग्रामपंचायत राहते. मग ग्रामसभेची वाट पाहणं आलं. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत गणपूर्ती झाली नाही. मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी कमी असेल तितकी माणसं लागतात, ध्वजवंदन होताच बरीचशी घरी गेली होती. १६ मार्चला लोकसभेची आचारसंहिता लागली, १ मेच्या सभेत विषय घेता आला नाही. ६ जूनला आचारसंहिता उठली. ठराव झाला १५ ऑगस्ट २०२४ला. साडेसहा महिने एका ठरावासाठी. या काळात मन खचतं हे खरं आहे. काम करणाऱ्या सहाजणांतले दोघे उन्हाळ्यात बाजूला झाले. पण तो वेळ मजकुरासाठी मिळाला आणि त्याचं सोनं झालं.

ठरावाचा मसुदा स्वतः लिहून ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना (पूर्वीचे ग्रामसेवक) द्यावा. आमच्यात चार मुद्दे होते : पाटी लावण्यास ग्रामपंचायतीची संमती, पाटीची मालकी व देखभाल ग्रामपंचायतीकडे, रुंदीकरणात दगड न हलवता आखणी करण्याची विनंती, आणि दगडांना रंग-सिमेंट न लावण्याचा निर्णय. चौथा मुद्दा ऐनवेळी घातला आणि तोच पुढे सर्वांत उपयोगी पडला. विषय सभेच्या नोटिशीत छापून आला पाहिजे. ऐनवेळच्या विषयात घेतलेल्या ठरावावर नंतर कुणीही बोट ठेवू शकतो.

आता मजकूर. मे ते ऑगस्ट या काळात त्याचे नऊ खर्डे झाले. गावाला 'शिवकालीन' हा शब्द हवा होता. शिवनेरी समोर दिसतो, त्यामुळे ते स्वाभाविक आहे. काहींना 'सातवाहनकालीन' हवं होतं, कारण नाणेघाट याच तालुक्यात आणि तिथल्या लेण्यात नागणिकेचा ब्राह्मी लेख आहे. दोन भावक्यांना त्या वीरांत आपापला मूळपुरुष दिसत होता. यातलं काहीही दगडावर नाही. हे समजावताना वाद घालून भागत नाही. माणसाला दगडापाशी घेऊन जायचं, खालून वर एकेक चौकट दाखवायची आणि विचारायचं, 'यात नाव कुठे दिसतं, बाबा?' बहुतेक जण तिथेच शांत होतात. एका आजोबांनी मात्र उलट विचारलं, 'मग नाव नाही म्हणून तो आमचा नाही का?' त्या प्रश्नानंतर खर्ड्यात 'वीरांची नावे माहीत नाहीत' हे वाक्य आलं. नसलेलं नाव लिहिण्यापेक्षा ते नाही हे लिहिणं त्या माणसांना जास्त न्याय देतं, असं आमचं ठाम मत झालं.

काळ ठरवतानाही तसंच. अप्सरांची ठेवण, कलशाचा आकार, चौकटींची विभागणी यावरून जाणकारांनी बारावं ते चौदावं शतक असा अंदाज दिला. वीरगळ त्यानंतरही घडवले गेले, म्हणून 'अंदाजे' हा शब्द काढायचा नाही यावर आम्ही अडून बसलो. राजाचं नाव घालायचा मोहही टाळला. एकसरची जहाजं शिलाहार सोमेश्वर आणि यादव महादेव यांच्या संघर्षाशी जोडली जातात, पण तो अभ्यासकांचा तर्क आहे. तर्क लेखात शोभतो. ग्रॅनाइटवर कोरला की पुढच्या पिढीला तो पुरावा वाटतो. सतीशिळेबद्दलचं वाक्य फार जपून लिहिलं. सतीच्या उदात्तीकरणाला १९८७च्या कायद्याने बंदी आहे, आणि कायदा नसता तरी 'पवित्र', 'महान' ही विशेषणं तिथे नकोच होती. शेवटी मजकूर असा झाला :

'हे चार वीरगळ आणि एक सतीशिळा आहे. लढताना मरण आलेल्या वीराच्या स्मरणार्थ असे दगड उभारत. दगड खालून वर वाचावा : सर्वांत खाली पडलेला वीर व गाई, त्यावर लढाई, त्यावर वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा आणि सर्वांत वर शिवलिंगाची पूजा. शिखरावरचे सूर्य-चंद्र म्हणजे ही स्मृती ते असेपर्यंत टिकावी ही इच्छा. उजवीकडच्या दगडावरचा चुडा भरलेला हात सती गेलेल्या स्त्रीची खूण आहे. दगडांवर लेख नाही. घडणीवरून काळ अंदाजे बारावे ते चौदावे शतक. वीरांची नावे माहीत नाहीत. कृपया दगडांना रंग किंवा सिमेंट लावू नये.'

गावातल्या आख्यायिका पाटीवर घेतल्या नाहीत, पण संचिकेतल्या त्या पानाची प्रत शाळेत दिली. उद्घाटकाचं आणि देणगीदारांचं नावही घेतलं नाही. ते एकदा सुरू झालं की पाटीचा अर्धा भाग तेच खातात. क्यूआर कोड लावा असा आग्रह झाला. ज्या पानाकडे तो नेतो ते दहा वर्षांनी असेलच याची खात्री नाही, तेव्हा कोरलेल्या दगडावर तो नकोच.

सप्टेंबर २०२४मध्ये ठराव, संचिका, साखळी क्रमांकासह नकाशा आणि पाटीचं मापचित्र असा पूर्ण अर्ज उपविभागीय अभियंत्यांकडे दिला. आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का आपल्या प्रतीवर घेतल्याशिवाय कुठल्याही टेबलावरून उठू नका. या १५ महिन्यांत एका कार्यालयात आमचा एक कागद सापडेनासा झाला होता. पोच होती म्हणून दुसरी प्रत त्याच तारखेने धरली गेली. १५ ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता लागली आणि नोव्हेंबरअखेरपर्यंत सगळं थांबलं. डिसेंबरमध्ये शाखा अभियंता जागा पाहून गेले. हमीपत्र मागितलं गेलं : रस्त्याला गरज पडल्यास पाटी स्वखर्चाने हलवू. १०० रुपयांचा मुद्रांक ऑक्टोबरपासून बंद झाला होता, म्हणून ५०० रुपयांचा लागला. ना हरकत पत्र आलं १३ जानेवारी २०२५ला. त्यात पाटी डांबराच्या कडेपासून किमान तीन मीटर लांब, वळणावरची नजर न अडवता, अशी अट होती. सोबत साइडपट्टीची आखणी त्या ३० मीटरपुरती दुसऱ्या बाजूला सरकवण्याचा शेराही होता. त्या एका ओळीने सगळ्या खेपा वसूल झाल्या. पुरातत्त्व खात्याचं, दोन दगड त्याच जागी सरळ करायला हरकत नसल्याचं पत्र त्याआधीच हाती आलं होतं.

पाटी कशाची करावी यावर बरीच चौकशी केली. फ्लेक्स उन्हात वर्षही काढत नाही. एसीपीवर (ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्याचा बोर्ड) चिकटवलेली अक्षरं दोन-तीन उन्हाळ्यांत कडांनी सुटू लागतात. स्टीलवर कोरलेली पाटी सुबक दिसते, पण रस्त्याच्या कडेला भंगाराच्या भावाने चोरीला जाते. आम्ही काळा ग्रॅनाइट घेतला, ३ बाय २ फूट, २० मिलिमीटर जाड. वजन ३० किलोच्या पुढे जातं, दोन माणसांनी उचलायचं. दगड व कडांचं पॉलिश १,८०० रुपये. कोरीव काम अक्षरामागे १२ रुपये. २४० अक्षरांचे २,८८०. शीर्षकाची अक्षरं ५० मिलिमीटर, मजकुराची २५. एवढं अक्षर अडीच-तीन मीटरवरून चष्म्याशिवाय वाचता येतं.

सर्वांत मोठा धोका फॉन्टचा. आपण मोबाइलवर युनिकोडमध्ये लिहितो; कोरणाऱ्यांचं सॉफ्टवेअर बहुधा जुन्या फॉन्टवर चालतं. मजकूर तिथे चिकटवला की जोडाक्षरं फुटतात, नाहीतर कारागीर तो पुन्हा टंकतो आणि ऱ्हस्व-दीर्घ बदलतात. आमच्या पहिल्या प्रिंटमध्ये 'नेणाऱ्या'चा 'नेणार्या' झाला होता, 'स्मृती'चा ऋकार गेला होता आणि 'सर्वांत'वरचा अनुस्वारही. उपाय एकच : मजकूर आपणच मांडायचा, अक्षरांचे कर्व्ह करून (म्हणजे फॉन्ट न लागणारी नुसती रेषाचित्रं करून) पीडीएफ द्यायची, आणि कोरण्याआधी पूर्ण मापाचा कागदी प्रिंट मागायचा. तो भिंतीला लावून तिघांनी वेगवेगळा वाचायचा, त्यातल्या एकाने शेवटच्या शब्दापासून उलटा. सही त्यानंतर.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात आधी कलंडलेले दगड उभे केले. १२० बाय ४५ बाय २० सेंटिमीटरचा बेसॉल्ट म्हणजे तीनशे किलोंच्या वर. जेसीबी जवळ येऊ दिला नाही. बकेटचे दात एका फटक्यात चेहरा उडवतात. तीन बल्ल्यांची तिकाटी, चेन पुली, रुंद नायलॉनचे पट्टे आणि दगडाला जिथे पट्टा बसेल तिथे जुन्या ट्यूबचे तुकडे. चार माणसं, एक दिवस. पुलीचं भाडं ८०० आणि मजुरी २,८०० रुपये. खालचा अनघड भाग जमिनीत राहायचा असतो, म्हणजे तळाचा पाव भाग तरी. खड्ड्यात सिमेंट ओतलं नाही. मुरूम आणि दगडाचे तुकडे थराथराने ठोकून बसवले. सिमेंटमधले क्षार दगडात चढतात, पोपडे सुटतात, आणि पुढे कधी दगड हलवायचा झाला तर तो मोडूनच निघतो. गवंडी मनापासून 'पक्कं करून देतो' म्हणत होते. तिथे १५ ऑगस्टच्या ठरावाचा चौथा मुद्दा दाखवला.

एका दगडाला शेंदूर आहे, तो पुजला जातो. त्याला हात लावला नाही. पूजेतला दगड खरवडून 'मूळ रूपात' आणायच्या भानगडीत पडू नये. तो शेंदूरही त्या दगडाच्या इतिहासाचाच भाग आहे, आणि आजवर त्याने तो दगड राखला आहे.

पाटीसाठी ५० बाय ५० बाय ३ मिलिमीटरच्या चौकोनी पाइपाचे दोन खांब आणि अँगलची चौकट, मिळून २६ किलो, किलोला ११० रुपयांप्रमाणे २,८६०. रेड ऑक्साइड आणि वरचा रंग ७००. दोन खड्डे ४५ बाय ४५ बाय ६० सेंटिमीटर, १:२:४चं (सिमेंट, वाळू, खडी) काँक्रीट. सिमेंटच्या दोन गोण्या ७६०, वाळू-खडी १,२००, गवंडी व मदतनीस १,८००. टेम्पो १,५००. हमीपत्र व नोटरी ७००. झेरॉक्स, फोटो, उतारे मिळून १,३५०. खांब उभे करून सात दिवस पाणी मारलं, ग्रॅनाइट त्यानंतरच चढवला. ओल्या पायावर वजन दिलं की चौकट तिरकी होते आणि दगडाला कोपऱ्यात चीर जाते. बोल्टच्या भोकाभोवती रबरी वायसर घाला, चौकट आणि दगडात दोन-तीन मिलिमीटर फट ठेवा; उन्हात लोखंड वाढतं तेव्हा ती लागते. पाटीची खालची कड जमिनीपासून ९० सेंटिमीटरवर ठेवली, म्हणजे शाळेतल्या मुलांनाही वाचता येतं. तोंड उत्तरेला केलं. पॉलिश केलेला काळा दगड पश्चिमेला तोंड करून लावला तर दुपारी फक्त आकाश दिसतं.

जागा एसटी थांब्याजवळची निवडली. जिथे गाडी थांबवायला जागा नाही तिथे वाचायला लावणारी पाटी लावणं धोक्याचं आहे. तपकिरी रंगाची दिशादर्शक पाटी हवी असेल तर ती रस्त्याच्या खात्यानेच लावायची असते; त्यासाठी वेगळं पत्र दिलं आहे, उत्तर यायचं आहे.

पाटी २० फेब्रुवारीला चढली. पहिल्या संध्याकाळी थांब्यावर एसटीची वाट पाहणाऱ्या दोन बायका उठून दगडापाशी गेल्या आणि खालून वर बोट फिरवत चौकटी मोजू लागल्या. कार्यक्रम वगैरे केला नाही, तेवढं बघून घरी आलो.

नंतरच्या पावसाळ्यात दोन गोष्टी लक्षात आल्या. म्हशी खांबांना अंग घासतात, त्यामुळे डावा खांब किंचित हलला. पायथ्याशी मोठे दगड रचले आणि थांबलं. अक्षरांतला पांढरा रंग दोन ठिकाणी निघाला. तो दर दोन-तीन वर्षांनी भरावा लागेल असं कारागिराने आधीच सांगितलं होतं. रंगाचा छोटा डबा, चार जादा बोल्ट, त्यांचा पाना आणि संचिकेची पाचवी प्रत ग्रामपंचायतीच्या कपाटात ठेवली आहे. कपाटाच्या यादीत त्यांची नोंद करून घेतली आहे आणि तिच्यावर तारखेसह सही घेतली आहे.